हे दात माझे नाहीत

३ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाला, रक्तदाब वाढलाय, राग आला की बोलू नका, लिहा. म्हणून ही वही. बघू, कागद किती सोसतो.

आजचा राग म्हणजे नवी. आम्ही कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं, सुकलं की त्या साच्यावर मेण, मेणावर दात. ओतायचं काम नवीकडे. चौतिशीची बाई, दोन मुलांची आई, घरात कमावणारी ती एकटीच. तीन महिने झाले येऊन, पण अजून सगळं दोनदा विचारते. ऐकून ऐकून माझं डोकं उठतं.

आज वृद्धाश्रमातून सहा मापं आली. सहाही बोळकी, सहाही वरचे जबडे. तिने ओतले आणि ट्रेमध्ये ओळीने ठेवले. ओल्या प्लास्टरवर नंबर कोरायचा नाही, कडा ढासळते, हा नियम मी घातलेला आहे. तोवर ट्रेमधली जागा हीच ओळख, डावीकडून एक ते सहा. ती जेवायला गेली तेव्हा बघतो तर खिडकीकडच्या टोकाला ऊन आणि दाराकडचं टोक ओलंच. एवढी साधी गोष्ट, पण सुचायला डोकं लागतं. मी ट्रे फिरवून ठेवला.

दादा तिथेच फडक्याने फळ्या पुसत होता. दादा माझा थोरला भाऊ, एकसष्ट वर्षांचा, लहानपणापासून तसाच आहे. आई गेल्यापासून माझ्याबरोबर कामावर येतो. मालकीणबाईंनी कधी हरकत घेतली नाही. साच्यांना तो माणसंच समजतो. म्हणाला, "पहिल्या आजी तिकडे गेल्या."

"गेल्या तर गेल्या," मी म्हणालो. त्याच्या जगात रोज कोणी ना कोणी कुठेतरी जातच असतं.

नवी आली, नंबर कोरायचा टोचा हातात घेतला आणि सुरू. "डावीकडूनच ना?"

"हो."

"या डावीकडून?"

डाव्या बाजू काय चार असतात? सगळ्यांसमोर म्हणालो, "मंद आहेस का गं तू?" मग मुकाट्याने नंबर टाकले तिने. म्हणजे बोललं की कामं होतात. डॉक्टरला काय कळतंय?

५ तारीख, बुधवार

सकाळी कोपऱ्यावरचा दुकानदार दादाला म्हणाला, "ए खुळ्या, बाजूला हो." मी त्याची कॉलर धरली. माझ्या भावाला कोणी खुळा म्हणायचं नाही, या जन्मात नाही. लोक जमले तेव्हा सोडला. कामावर माप पोचवणाऱ्या माणसाने डबा उलटा ठेवला, तर त्याला म्हटलं, अकलेच्या कांद्या, देवाने डोकं फक्त टोपी घालायला दिलं का? सगळे हसले, तोही हसला. तेवढंच हलकं वाटलं.

१४ तारीख, शुक्रवार

वृद्धाश्रमाच्या सहा कवळ्या गेल्या. मेणावरचे दात आधी तोंडात बसवून बघायची चाचणी दवाखान्यानेच गाळली, म्हाताऱ्यांना दोन-दोनदा आणणं होत नाही म्हणे. पॉलिशवाल्या काकांनी अशी चमक आणली होती की आपणच तोंडात घालाव्यात. काका या महिन्याअखेर निवृत्त होणार. वरचं फडताळ रिकामं करतायत आणि जे निघेल ते दादाच्या हाती पुसायला देतायत. दादा खूश आहे.

१९ तारीख, बुधवार

एकही बसली नाही. सहांतली एकही.

वृद्धाश्रमातून फोन आला. पाच जणांनी काढून पाण्याच्या पेल्यात टाकल्या आणि गप्प राहिले. एक आजी मात्र पहिल्या दिवसापासून सांगतेय, "हे दात माझे नाहीत. माझ्या तोंडात दुसऱ्याचं तोंड घातलंय." तिथल्या लोकांना वाटलं, आजींचं डोकं गेलं. रोज सकाळी दोघी जणी धरून बसवत होत्या. चार दिवस. टाळूला ही मोठी जखम झाली, तेव्हा कोणीतरी आत वाकून पाहिलं. तोवर शांत राहायच्या गोळ्याही सुरू केल्या होत्या.

नवीचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. मी म्हणालो, "पालथ्या घड्यावर पाणी, मी आधीच सांगत होतो." संध्याकाळी मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. काय झालं याचा लेखी अहवाल द्या, एकतीस तारखेपर्यंत. त्यावर ठरवू, ही बाई राहते की जाते.

२० तारीख, गुरुवार

अहवाल चार ओळींत संपवला. "सदर महिला मंदबुद्धी असून तिच्या डोक्यात काहीही शिरत नाही. नंबर टाकताना गोंधळ केला. कामास अयोग्य." दिला पाठवून.

एक चमत्कारिक गोष्ट. सकाळी एप्रन चढवून आलो तर माझ्या टेबलावर एक साचा. वरचा आणि खालचा जबडा बिजागरीला लावलेले, तोंड सताड उघडं आणि माझ्या खुर्चीकडे वळवलेलं. नंबर दिसला नाही, तळ बिजागरीत अडकलेला. विचारलं तर कोणाचाच नाही. आता मी बत्तीस वर्षं तोंडं वाचतोय, तोंड बघून माणूस सांगतो. हा माणूस पन्नाशीचा. डावीकडची दाढ नाही. दात इतके झिजलेत की झोपेतही खात असणार. चिडका, हेकट, घरच्यांना जड. कवळी बनवली तरी वर्षात फोडेल. अशा गिऱ्हाइकाचं तोंड मला नको म्हणून फळीवर ठेवून दिला.

२१ तारीख, शुक्रवार

अहवाल परत आला. मालकीणबाईंनी समोर बसवलं.

"हे तिच्या डोक्याबद्दल झालं. मला ट्रेबद्दल हवंय."

"डोकं नाही म्हणूनच ट्रेचं असं झालं."

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"ती मंद किती वाजता होती? एक वाजता? दीडला? ज्या शब्दाला वेळ लावता येत नाही तो खोडा. उरेल ते लिहा."

मी म्हणालो, "म्हणजे चुकलेल्याला चुकलं म्हणायचंच नाही? सगळ्यांना मखरात बसवायचं?"

"चुकलं म्हणा ना. शंभरदा म्हणा. काय चुकलं ते सांगा, कोणी, कुठे, कशाने. आणि हा कागद वृद्धाश्रमात जाणार आहे. तिथे निम्म्या लोकांना हाच शब्द कोणी ना कोणी लावून ठेवलाय. त्या आजींनाही लावला होता. म्हणून तर चार दिवस कोणी तोंडात बघितलं नाही."

उठलो. बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ते "किती वाजता" दिवसभर डोक्यात टिकटिकत राहिलं.

टेबलावर आज पुन्हा साचा होता. कालच्याच घराण्यातला, पण डावीकडची दाढ आहे आणि दात कमी झिजलेत. त्याचा धाकटा भाऊ असावा.

२४ तारीख, सोमवार

वृद्धाश्रमात जाऊन आलो. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, पडदे नाहीत. सहा खाटांशेजारी सहा पेले आणि प्रत्येकात पाण्याखाली दात. आयुष्य गेलं यात, पण सहा तोंडं पाण्यातून एकदम हसताना कधी पाहिली नव्हती. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

आजी टक्क जाग्या होत्या. बारीक, नीटनेटक्या. म्हणाल्या, "तुम्हीच का तोंडं करणारे? बसा. ते घातल्यावर माझा आवाज माझा राहत नव्हता हो. मी बोलायची आणि कोणीतरी दुसरीच बोलायची. सगळे म्हणाले, आजींचं डोकं गेलं. डोकं नाही हो गेलं, दात गेलेत."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्यांचं माप पहिलं होतं, खाट पहिली. मी एकेक पेला घेऊन, कवळी धुऊन, बसते का बघत गेलो, जखमेला जपून. दुसरी नाही, तिसरी नाही, चौथी-पाचवीही नाही. सहाव्या पेल्यातली हात लावताच बसली. आजींनी डोळे मिटले, जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "हे माझे." माझ्या बापाला मी कधी मिठी मारली नाही, पण त्या बाईला मारावीशी वाटली.

मग उरलेल्याही लागल्या. पहिलीची सहाव्याला, दुसऱ्याची पाचव्याला, तिसऱ्याची चौथ्याला आणि उलट. नवीचा गोंधळही बघा किती शिस्तीत! माणूस वेंधळेपणाने चुकतो तेव्हा इतका नेमका चुकत नाही. असो. वेंधळेपणाला वेळ लावता येत नाही, खोडतो.

२५ तारीख, मंगळवार

आज पाचवा साचा. रोज सकाळी एक येतो. आणि रोजचा कालच्यापेक्षा तरुण. दात भरत चाललेत, कडा धारदार होत चालल्यात, आणि तोंड तसंच उघडं, माझ्या खुर्चीकडे. खुर्चीत बसवेना म्हणून बाजूच्या स्टुलावर बसून काम केलं.

आजच्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला आहे. मी तो बघत होतो आणि माझी जीभ आपोआप माझ्या पुढच्या दाताशी गेली. सतराव्या वर्षी सायकलवरून पडलो होतो, तिथला कोपरा गेला. नंतर तो दात बसवून घेतला म्हणून विसरलो होतो.

सगळ्या जगाची तोंडं ओळखतो मी.

काकांना गाठलं. ते म्हणाले, "तुमचीच आहेत की. शिकायला येईल त्याने पहिल्या दिवशी तुमच्या तोंडाचं माप घ्यायचं, ही पद्धत तुम्हीच पाडली. माप सेट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढी तीन मिनिटं तुम्ही गप्प असायचात, म्हणून सगळी पोरं तो दिवस साजरा करायची." दात काढून हसले. "साचे मी टाकले नाहीत. वरच्या फडताळात होते, अकरा."

"टेबलावर कोण आणून ठेवतं?"

"मी नाही. मी अकराला येतो."

नवीने अजून माझं माप घेतलेलं नाही. मी घेऊ दिलं नव्हतं. म्हणालो होतो, हिच्या हातात तोंड दिलं तर गुदमरून मरेन.

२७ तारीख, गुरुवार

आज वेळा लिहायला बसलो. साडेबारा: मापं आली. एक: ओतून झाली. एक वीस: नवी जेवायला गेली. पुढे लिहायला तिलाच विचारावं लागलं. विचारताना शब्द तोंडात यायचा आणि मी गिळायचो.

ती म्हणाली, "जाताना ट्रेचा तुटका कान दाराकडे होता. आले तेव्हा खिडकीकडे. म्हणून विचारलं, या डावीकडून का."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"विचारलं ना. तुम्ही म्हणालात..." ती ट्रे पुसायला लागली. पुसून झालेला ट्रे पुन्हा पुसत होती.

एक पस्तीस. उन्हासाठी मी फिरवला. या वहीत पहिल्याच पानावर आहे, माझ्याच अक्षरात, वर शेखीही मिरवली आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. ती विचारत होती म्हणजे तिला दिसलं होतं. मी एक शब्द फेकला आणि विषय संपला. पुढे मलाही काही बघायची गरज उरली नाही.

खरं लिहितो, ही वही कोणी वाचत नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की कोणी पाहिलेलं नाही. नवी बोलणार नाही, तिला बोलायची भीती बसलीय, ती मीच बसवली. मी हेड आहे, बत्तीस वर्षांचं नाव आहे. "नंबर टाकताना खात्री करून घेतली नाही" एवढं लिहिलं तरी ते सभ्य दिसेल. एक वाईट शब्द नाही. ती जाईल आणि मी राहीन. हे लिहिताना मला माझीच किळस आली, पण लिहिलं.

२८ तारीख, शुक्रवार

आज एप्रन न चढवता मागच्या खोलीच्या दारातून बघत उभा राहिलो. दादा आला. फळीवरून एक साचा दोन्ही हातांनी उचलला, फडक्याने पुसला, जबडा उघडला आणि माझ्या खुर्चीसमोर ठेवला. मूल झोपवतात तसा, हळू.

आठ दिवस मी सगळ्यांना विचारलं. त्याला सोडून.

"दादा, हे कोणाचं?"

"तुझं," म्हणाला. "हा तू ओरडत नाही."

मी बसलो. त्या खुर्चीतच बसलो. मग म्हणालो, "दादा, त्या दिवशी पहिल्या आजी तिकडे गेल्या म्हणालास. कशा गेल्या?" त्याने दोन्ही हात पुढे धरले, जणू ट्रे धरलाय, आणि अर्धा फेरा घेतला. "तू नेल्यास," म्हणाला. रागाने नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, दादा मागे हात धुवायला. मी अकराही साचे टेबलावर घेतले. नंबर आम्ही तळाला कोरतो, म्हणून बिजागरीतून काढून सवयीने उलटे केले. प्रत्येकाच्या तळाला तारीख होती आणि खाली एक शब्द. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी वर्षं. माप घ्यायचा चमचा तोंडातून काढल्यावर मी पहिलं जे बोललो असेन ते. कोणीतरी एकाने सुरू केलं असणार आणि पुढच्याने आधीचा बघून चालू ठेवलं. अकरा माणसांनी माझ्या तोंडाखाली माझा शब्द कोरून ठेवला आणि कोणी मला सांगितलं नाही.

मी ते मोठ्याने वाचायला लागलो. का, माहीत नाही. बहुतेक मला ऐकायचं होतं, कसे लागतात.

"ठोंब्या. दगड. मठ्ठ. बैल. अकलेचा कांदा." खोलीत कोणी नव्हतं. फळ्यांवर तीनशे तोंडं उघडी, आणि आवाज फक्त माझा. "शुंभ. बावळट. खुळ्या."

"आलो," आतून दादा म्हणाला.

नळ बंद झाल्याचं ऐकलं मी. ओले हात पँटला पुसत तो दारात येऊन उभा राहिला. "आलो. काय?"

लहानपणी अंगणात खेळताना मी त्याला याच नावाने हाक मारायचो. आई रागवायची म्हणून ती नसताना. पन्नास वर्षांत एकदाही मारली नाही. त्या दुकानदाराची कॉलर धरली ती याच शब्दावरून. मला वाटायचं, त्याला ते कळत नाही, किंवा तो विसरला. तो विसरला नव्हता. तो इतकी वर्षं वाट बघत असल्यासारखा आला.

"काही नाही," म्हणालो. "बस. जेवू या."

मी माझा डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने माझ्या डब्यातलंही खाल्लं.

३१ तारीख, सोमवार

अहवाल दिला. इथे उतरवून ठेवतो.

"दुपारी १.३५: सहा ओले साचे असलेला ट्रे मी उन्हासाठी फिरवला. कोणाला सांगितलं नाही. १.३६: तिथे हजर असलेल्या व्यक्तीने पहिल्या साच्याची जागा बदलल्याचं मला सांगितलं. मी लक्ष दिलं नाही. २.०५: प्लास्टर ओतणाऱ्या बाईंनी क्रम कोणत्या बाजूने धरायचा हे दोनदा विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी उत्तराऐवजी त्यांचा अपमान केला. त्यानंतर त्यांनी विचारणं थांबवलं. नंबर उलटे पडले. ओल्या साच्यावर खूण न करण्याचा नियम माझा असून तो चुकीचा आहे. यापुढे ट्रेच्या प्रत्येक कप्प्यावर पक्का आकडा असावा. बाईंच्या कामात दोष आढळला नाही."

मालकीणबाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "हेडचं काम मी तीन महिने दुसऱ्याकडे देतेय. आणि आजींची माफी तुम्ही स्वतः जाऊन मागायची." मी हो म्हणालो. योग्य आहे. मी असतो तर काय काय म्हणालो असतो, त्यांनी त्यातलं एकही म्हटलं नाही, आणि तरी मान वर करवली नाही.

नवीला आत बोलावलं. ती राहणार हे कळल्यावर तिने ट्रे मागितला आणि तिथेच कप्प्यांवर आकडे टाकायला लागली. मला म्हणाली, "या डावीकडून?" मी उठलो, तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पाहिलं आणि म्हणालो, "हो, या." जाताना ती म्हणाली की उद्या सकाळी माझं माप घेणार, पद्धत म्हणजे पद्धत. तीन मिनिटं. चमचा निघाल्यावर काय बोलायचं याची मला आत्तापासून धास्ती आहे.

मग मालकीणबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "हजर असलेली व्यक्ती कोण? साक्षीदाराचं नाव लागेल. पूर्ण."

मी लिहिलं. लिहायला वेळ लागला, कितीतरी वर्षांत लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बोलवा त्यांना, सही नाहीतर अंगठा घेऊ. दादा बाहेर फळीपाशी होता. मी दारात गेलो आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. नीट, पूर्ण, आईने ठेवलेल्या नावाने.

तो थांबला. मग कोणाला हाक मारली ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं.